दोन तासांची शाळा
जॉर्जियातील रटलँड केंद्र आणि त्यातून उभ्या राहिलेल्या जाळ्याचा इतिहास

रटलँड केंद्र १९७० साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अथेन्स या विद्यापीठाच्या गावी सुरू झाले. मुले रोज साधारण दोन तास येथे येत आणि उरलेला दिवस आपल्या नेहमीच्या शाळेत किंवा बालवाडीत काढत. संध्याकाळी ती घरी असत. भावनिक आणि वर्तनविषयक अडचणी असलेल्या मुलांसाठी एवढी साधी मांडणी करायला त्या काळी धाडस लागले, कारण अशा मुलाला घरापासून दूर ठेवल्याशिवाय उपचार होत नाहीत, असेच तेव्हा बहुतेक तज्ज्ञ मानत.

संस्थांच्या इतिहासात सहसा इमारतींचे मजले, देणगीदारांची नावे आणि अध्यक्षांची छायाचित्रे आधी येतात. रटलँडच्या संस्थापकांनी मात्र स्वतःला एकच माप लावले होते : मूल येथून किती लवकर आणि किती बळ घेऊन आपल्या वर्गात परतते. पुढे राज्यभर पसरलेल्या जाळ्याला हे माप किती वेळ सांभाळता आले आणि ते कुठे हातून सुटले, याचीच ही हकीकत आहे. विशेष शिक्षणात काम करणाऱ्यांच्या स्मरणिकेत ती यायला हवी, कारण तिच्यातले यश आणि अपयश दोन्ही आपल्या कामाच्या फार जवळचे आहे.

आधीची परिस्थिती

जॉर्जियात मनोरुग्णांसाठी राज्याचे एक प्रचंड रुग्णालय होते. मिलेजव्हिल येथे १८४२ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात १९६०च्या आसपास बारा हजारांच्या वर माणसे होती. अटलांटा कॉन्स्टिट्यूशन या दैनिकाचा वार्ताहर जॅक नेल्सन याने तिथल्या कारभाराची लक्तरे १९५९ साली वेशीवर टांगली आणि त्या वृत्तमालेसाठी त्याला १९६० चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. गंभीर मानसिक त्रास असलेल्या मुलांसाठीही राज्यात अशा संस्थांपलीकडे फारसे काही नव्हते. शाळेला मूल झेपेनासे झाले की ते घरी बसे. घरालाही झेपेनासे झाले की त्याची रवानगी संस्थेत होई.

देशभरातले चित्रही फार वेगळे नव्हते. मुलांच्या मानसिक आरोग्यावरील संयुक्त आयोगाने १९६९ मध्ये अहवाल दिला आणि बालमानसिक आरोग्य संकटात असल्याचे शीर्षकातच म्हटले. शिकागोच्या ऑर्थोजेनिक स्कूलमध्ये ब्रुनो बेटेलहाइम यांचे नाव तेव्हा शिखरावर होते. मुलाच्या आजाराचे मूळ आईच्या थंडपणात आहे, असे ते मांडत, आणि मूल घरापासून दूर ठेवणे हा त्यांच्या उपचाराचा पायाच होता. त्यांचे ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ हे पुस्तक १९६७ साली आले आणि असंख्य आयांच्या माथी न केलेल्या अपराधाचे ओझे आले.

या विचाराला छेद देणारे दोन प्रयोग मात्र आधीच सुरू झाले होते. पहिला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. तिथे गंभीर मानसिक त्रास असलेल्या मुलांच्या पालकांनी संघटना बांधली होती आणि तिच्यातून कार्ल फेनिशेल यांनी १९५३ साली लीग स्कूल ही दिवसशाळा सुरू केली. प्रारंभी त्यांनी मुलांना मनाला येईल ते करू दिले, कारण तेव्हाचा मनोविश्लेषणाचा शिरस्ता तसा होता. अनुभवाने त्यांचे मत बदलले. ज्या मुलाच्या आतच गोंधळ आहे त्याला बाहेर तरी नीट घडी बसलेला दिवस, ठरलेली वेळ आणि खंबीर मोठी माणसे लागतात, हे त्यांनी ओळखले आणि शाळेची बांधणी त्याप्रमाणे केली. दुसरा प्रयोग निकोलस हॉब्ज यांचा. १९६१ साली टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत त्यांनी ‘प्रोजेक्ट री-एड’ सुरू केला. तिथली शाळा निवासी असली तरी मुले शनिवार-रविवारी घरी जात, आणि त्यांची जबाबदारी डॉक्टरांपेक्षा खास प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांवर अधिक होती. आजार मुलाच्या आत कुठेतरी दडलेला नसून मूल, घर, शाळा आणि वस्ती यांच्यातला ताळमेळ बिघडलेला आहे, असे हॉब्ज यांचे म्हणणे होते.

फेनिशेल यांनी मुलाला घरी ठेवले आणि हॉब्ज यांनी शिक्षकाच्या हाती उपचार दिला. रटलँडने या दोन्ही गोष्टी घेतल्या आणि तिसरी जोडली : मूल नेहमीच्या शाळेतूनही काढायचे नाही.

स्थापना आणि संस्थापिका

या कामाची सूत्रधार मेरी मार्गारेट वुड. त्या जॉर्जिया विद्यापीठात विशेष शिक्षण शिकवत. १९७० साली पथदर्शी केंद्र म्हणून रटलँडचा आरंभ झाला. विद्यापीठ, स्थानिक शाळा आणि मानसिक आरोग्य विभाग यांनी एकत्र येऊन मुले निवडायची, तपासायची आणि त्यांच्यावर काम करायचे, अशी ती रचना होती. अपंग मुलांच्या शिक्षणासाठी फेडरल सरकारने नुकताच उभारलेला विभाग अशा नमुना केंद्रांना अनुदान देत होता. त्या अनुदानाचा हातभारही रटलँडला लागला.

काळही लक्षात घेण्याजोगा आहे. जॉर्जिया विद्यापीठाने पहिले दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी १९६१ साली, तेही न्यायालयाच्या आदेशाने घेतले होते. राज्यातल्या शाळांमधली गोऱ्या-काळ्यांची फाळणी न्यायालयाच्या रेट्यामुळे खऱ्या अर्थाने मोडत आली ती १९७०च्या आगेमागे. म्हणजे एकीकडे वेगळ्या शाळा बंद होत होत्या आणि त्याच सुमारास ‘वेगळ्या’ मुलांसाठी नवी केंद्रे उघडत होती. वुड यांच्या मनात वेगळे ठेवण्याचा हेतू नव्हता, त्यांची सगळी रचनाच त्याच्या उलट होती. तरीही हा योगायोग पुढे या जाळ्याच्या मानगुटीवर बसला.

दोन तासांत काय घडे

रटलँडच्या पद्धतीला ‘डेव्हलपमेंटल थेरपी’, म्हणजे विकासाधारित उपचार, असे नाव मिळाले. वुड यांचे त्याच नावाचे पुस्तक १९७५ साली निघाले. पियाजे, एरिकसन, कोलबर्ग यांच्या विकासविषयक सिद्धांतांचा आधार तिला होता. मूळ विचार सरळ होता. त्रासात असलेले मूलही वाढतच असते, फक्त त्याची वाढ कुठेतरी अडलेली असते. ती नेमकी कुठे अडली आहे ते शोधायचे आणि तिथून पुढची पायरी चढायला मदत करायची. काय चुकते यापेक्षा पुढे काय येणार आहे, याकडे शिक्षकाचे लक्ष असायचे.

मुलाच्या वाढीची चार अंगे पाहिली जात : वर्तन, संवाद, इतरांशी मिसळणे आणि शालेय पूर्वतयारी किंवा अभ्यास. या चार अंगांची मिळून १४४ उद्दिष्टे एका तक्त्यात मांडलेली होती आणि नंतरच्या आवृत्तीत ती १७१ झाली. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हवे ते ओढून घेण्याऐवजी मागणे, खेळातला नियम मानणे, दुसऱ्याला काय वाटत असेल ते शब्दांत सांगणे, अशा लहान आणि डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टी त्यात येत. ठरावीक आठवड्यांनी शिक्षक, पालक आणि तज्ज्ञ मिळून हा तक्ता भरत. ‘मूल सुधारले’ असे मोघम बोलायला तिथे जागा नव्हती. कोणत्या उद्दिष्टापासून कोणत्या उद्दिष्टापर्यंत ते आले, हे दाखवावे लागे.

चार अंगांना पाच टप्प्यांची जोड होती. पहिल्या टप्प्यातले मूल भोवतालच्या जगाला आनंदाने प्रतिसाद द्यायला शिकते. मोठ्या माणसाचा स्पर्श, आवाज आणि जवळ असणे सुरक्षित आहे, हा विश्वास बसणे हे तिथले काम. दुसऱ्या टप्प्यात ते यशाने प्रतिसाद देते, म्हणजे हातातले काम पुरे करते आणि ‘मला जमले’ हे अनुभवते. तिसऱ्यात गटात नीट वागण्याची कौशल्ये येतात. चौथ्यात गट त्याला आपला वाटू लागतो, गटाचे बरे-वाईट ते मनावर घेते. पाचव्यात शिकलेले सगळे नव्या ठिकाणी, नव्या माणसांत वापरायचे असते. पाचवा टप्पा म्हणजे खरे तर केंद्राचा निरोपच.

मोठ्या माणसाची भूमिकाही टप्प्यागणिक बदलत जाई. समजा, चित्र काढताना एका मुलाने रंगाची वाटी भिरकावली. ते पहिल्या टप्प्यावर असेल तर शिक्षिका त्याच्या शेजारी बसून, त्याचा हात हातात धरून, शांत आवाजात त्याला पुन्हा कामाकडे वळवेल. तिथे भाषणाचा उपयोग नाही, कारण शब्द अजून त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. तिसऱ्या टप्प्यावरच्या मुलाला गटाने मिळून ठरवलेल्या नियमाची आठवण द्यायची. चौथ्या टप्प्यावर असेल तर थोडे बाजूला घेऊन काय झाले, आधी काय झाले होते, राग कशाचा होता, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे. वाटी तीच, पण उत्तरे तीन. ‘सगळ्यांना सारखी शिक्षा’ या शाळेच्या जुन्या न्यायापेक्षा हा न्याय वेगळा होता, आणि तो शिकायला नव्या शिक्षकांना सर्वांत जड जाई. प्रसंग घडल्या घडल्या मुलाशी बोलण्याची ही रीत फ्रिट्झ रेडल यांनी डेट्रॉइटच्या पायोनियर हाऊसमध्ये चाळीसच्या दशकात घडवली होती. वुड यांनी पुढे निकोलस लाँग यांच्याबरोबर तिच्यावर ‘लाइफ स्पेस इंटरव्हेन्शन’ हे पुस्तक लिहिले. ते १९९१ साली प्रसिद्ध झाले.

खोलीतला दिवस आखीव होता. खेळ, गोष्ट, चित्र-हस्तकला, गाणी, अभ्यासाचे काम आणि खाऊ या प्रत्येकाची वेळ ठरलेली असे आणि कशानंतर काय हे मुलांना तोंडपाठ असे. खाऊची वेळ दिसायला मधल्या सुट्टीसारखी असली तरी शिक्षकांच्या दृष्टीने ती कसोटीची घटका होती. बशी पुढे सरकवायची, शेवटचे बिस्किट कोणाचे ते ठरवायचे, शेजाऱ्याचा सांडलेला रस पुसायला कागद द्यायचा : इतरांशी मिसळण्याची अर्धी उद्दिष्टे त्या टेबलाभोवतीच दिसत. गोष्टी आणि नाट्यखेळ मुद्दाम निवडलेले असत. जे भय मुलाला स्वतःबद्दल बोलता येत नाही, ते गोष्टीतल्या प्राण्याबद्दल बोलता येते.

गट लहान असे. एक मुख्य शिक्षिका गटाचा कार्यक्रम चालवी. दुसरी साहाय्यक शिक्षिका तिच्याबरोबर असे आणि एखाद्या मुलाचा तोल गेला तर त्याच्याजवळ जाई, म्हणजे बाकीच्या मुलांचा धागा तुटत नसे. तिसरी व्यक्ती एकतर्फी काचेआडून पाहत असे आणि पालकांशी व मुलाच्या शाळेशी संपर्क ठेवी. तास संपला की तिघी बसून टिपणे ताडून पाहत. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते सल्ल्याला असत, पण मुलाशी रोजचा व्यवहार शिक्षिकेचा.

पालक आणि मूळ शाळा

काचेआडची ती जागा पालकांसाठीही खुली होती. घरात ज्या मुलापुढे आई हतबल होते, त्याला दुसरे कोणी कसे थांबवते, कधी दुर्लक्ष करते, कधी हसून विषय बदलते, हे ती स्वतः पाहू शके. शेजारी बसलेली कार्यकर्ती त्याचे कारण सांगे. बेटेलहाइमांच्या शाळेत आईला दाराबाहेर ठेवले जाई, येथे तिला सहकारी मानून आत घेतले. गृहभेटी, पालकांच्या बैठका आणि घरी करून पाहायचे छोटे उपाय ही त्याच कामाची पुढची अंगे.

सगळ्यात महत्त्वाचा धागा मात्र मुलाच्या नेहमीच्या शाळेशी होता. केंद्राची माणसे त्या वर्गात जात, तिथल्या शिक्षिकेच्या अडचणी ऐकत आणि केंद्रात काय चालले आहे ते तिला सांगत. दोन तासांत कमावलेले उरलेल्या दिवसात टिकते का, याची परीक्षा तिथेच होई. मूल रोज दोन्हीकडे जात असल्याने परतण्यासाठी वेगळा मुहूर्त लागत नसे. त्याचे नाव, बाक आणि मित्र तिथेच असत. दोन तासांची ही मर्यादा खर्च वाचवण्यासाठी घातलेली नव्हती, उपचाराचाच तो भाग होता.

राज्यभर विस्तार

१९७१ साली जिमी कार्टर जॉर्जियाचे गव्हर्नर झाले. मानसिक आरोग्याच्या सेवा सुधारण्यासाठी त्यांनी आयोग नेमला आणि त्यांच्या पत्नी रोझलिन त्या कामात पडल्या. पुढे आयुष्यभर त्यांनी तो विषय सोडला नाही. अशा वातावरणात विधिमंडळाने रटलँडचा नमुना राज्यभर नेण्यासाठी निधी दिला आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत जॉर्जियात अशा २४ केंद्रांचे जाळे उभे राहिले. एकाच नमुन्यावर साऱ्या राज्यात पसरलेली अशी सार्वजनिक व्यवस्था अमेरिकेत दुसरीकडे नव्हती. परराज्यांतून शिक्षक अथेन्सला शिकायला येऊ लागले.

याच काळात फेडरल कायदाही बदलला. १९७५ च्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला विनामूल्य आणि योग्य शिक्षणाचा हक्क दिला, आणि तेही शक्य तितके इतर मुलांच्या सोबत. त्यातली भावनिक त्रासाची व्याख्या कॅलिफोर्नियातील एली बॉवर यांच्या अभ्यासातून आली. बुद्धी किंवा शारीरिक कारण नसताना शिकता न येणे, समवयस्कांशी व शिक्षकांशी नाते न जुळणे, साध्या प्रसंगी विपरीत वागणे, सततची खिन्नता, आणि शाळेच्या प्रश्नांमुळे उद्भवणारी भीती किंवा शारीरिक तक्रारी, ही तिची पाच लक्षणे. कायदा करणाऱ्यांनी मात्र केवळ ‘सामाजिकदृष्ट्या बेबनाव’ असलेली मुले तिच्यातून वगळली आणि खुद्द बॉवर यांनीच याला आक्षेप घेतला. दुखावलेले मूल कोणते आणि नुसते व्रात्य कोणते, हे वर्गात बसून सांगता येत नाही, हा त्यांचा मुद्दा आजही खोडला गेलेला नाही.

वाट कुठे चुकली

पुढच्या तीन दशकांत या जाळ्याचे नाव बदलून जॉर्जिया नेटवर्क फॉर एज्युकेशनल अँड थेरप्युटिक सपोर्ट, थोडक्यात ‘जीनेट्स’, असे झाले. केंद्रे २४ च राहिली, पण आतले बदलत गेले. दोन तासांचा पूर्ण दिवस झाला. मूळ शाळेतला बाक गेला आणि मुलाचे नाव केंद्राच्या हजेरीपटावर आले. लहान मुलांबरोबर किशोरवयीन मुले वाढली आणि उपचाराच्या जागी वर्तनाचा बंदोबस्त आला. वुड यांची पद्धत काही केंद्रांत टिकली, काहींत नुसती कागदावर उरली.

याला एकच कोणी खलनायक नव्हता. पैशाची रचना तशी होती. जाळ्याला राज्याकडून वेगळे अनुदान मिळे, आणि राज्य व फेडरल निधी मिळून ते दरसाल सहा-सात कोटी डॉलरच्या घरात गेले होते. एखादे मूल आपल्या वर्गात सांभाळायचे तर शाळेला साहाय्यक शिक्षक, समुपदेशक आणि वेळ खर्च करावा लागे. ते केंद्रात पाठवले की प्रश्न आणि खर्च दोन्ही दुसऱ्याकडे जात. जायची वाट अशी उताराची झाली. परत यायची मात्र चढाची राहिली, कारण परत घ्यायला उत्सुक कोणीच नव्हते. केंद्रातली शिक्षिका कितीही मनापासून काम करो, पलीकडच्या वर्गाचे दार उघडणे तिच्या हातात नव्हते.

२००४ साली गेन्सव्हिल येथील एका केंद्रात तेरा वर्षांच्या एका मुलाचा एकांतखोलीत कोंडलेला असताना मृत्यू झाला. राज्याच्या शिक्षण मंडळाने शाळांमधल्या एकांतखोल्यांवर बंदी घातली ती २०१० साली. त्याच वर्षीच्या राज्य लेखापरीक्षणाने आणखी एक गोष्ट उघड केली : एवढा खर्च होऊनही ही केंद्रे मुलांसाठी परिणामकारक ठरतात की नाही, हे दाखवणारी माहितीच जमवली जात नव्हती. ज्या संस्थेचा जन्म १४४ उद्दिष्टांच्या तक्त्यातून झाला, तिच्या वारसदारांना मुलांचे काय झाले ते सांगता येईना.

न्यायालयाच्या दारात

जुलै २०१५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने जॉर्जिया राज्याला आपल्या चौकशीचे निष्कर्ष कळवले. तेव्हा जाळ्यात सुमारे ५,००० मुले होती. त्यांतली बहुतेक वेगळ्या इमारतींत शिकत. अनेक केंद्रांत ग्रंथालय, प्रयोगशाळा, व्यायामशाळा किंवा खेळाचे मैदान नव्हते. कला, संगीत असे विषय नव्हते आणि काही ठिकाणी अभ्यास बव्हंशी संगणकावर उरकला जाई. जी मुले सर्वसाधारण शाळेच्या आवारात होती तीही अनेकदा वेगळ्या भागात, वेगळ्या दाराने ये-जा करत. काही केंद्रे तर अशा जुन्या इमारतींत होती, ज्या वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळा होत्या. अटलांटा जर्नल-कॉन्स्टिट्यूशन या दैनिकाने २०१६ साली आकडे काढले : राज्याच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुले ३७ टक्के, या केंद्रांत ५४ टक्के.

ऑगस्ट २०१६ मध्ये न्याय विभागाने राज्यावर दावा लावला. अपंग विद्यार्थ्यांना वेगळे ठेवल्याबद्दल राज्याने चालवलेल्या शिक्षणव्यवस्थेवर फेडरल सरकारने लावलेला हा पहिलाच दावा. २०१७ मध्ये हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांनी मुलांच्या वतीने स्वतंत्र दावा दाखल केला. दोन्हींना आधार होता तो १९९० च्या अपंगत्व कायद्याचा आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ मधील ओल्मस्टेड निकालाचा. तो निकालही जॉर्जियातल्याच दोन महिलांच्या प्रकरणातून आला होता. समाजात राहू शकणाऱ्या माणसाला विनाकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव आहे, असे न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी त्यात लिहिले.

राज्याची बाजूही नोंदवायला हवी. मुलाला कुठे शिकवायचे हे प्रत्येक मुलाची बैठक घेऊन स्थानिक शाळा ठरवते, राज्य फक्त निधी देते, असे राज्याचे म्हणणे होते. काही पालकांनीही केंद्रांची बाजू घेतली. आधीच्या शाळेतून रोज येणारे फोन केंद्रात गेल्यावर थांबले आणि मूल पहिल्यांदाच शाळेत जायला तयार झाले, असा त्यांचा अनुभव होता. तो खोटा म्हणता येत नाही. गंभीर त्रास असलेल्या मुलाला काही काळ लहान गट, शांत खोली आणि जाणकार माणूस लागतो, हे वुड यांनीही मानलेच होते. वाद होता तो ‘काही काळ’ या शब्दांवर.

न्याय विभागाच्या चौकशीनंतर काही मोडकळीला आलेल्या इमारती बंद झाल्या आणि मुलांची संख्या उतरत गेली. वुड यांची पद्धत ‘डेव्हलपमेंटल थेरपी–डेव्हलपमेंटल टीचिंग’ या नावाने प्रशिक्षणांतून पुढे चालली. उपचाराबरोबर अध्यापनाचे नाव आले, यातही एक दिशा होती : जे केंद्रातली शिक्षिका करते ते नेहमीच्या वर्गातल्या शिक्षिकेलाही करता आले पाहिजे.

आपल्या कामाच्या संदर्भात

जॉर्जियाचा हा इतिहास आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्याकडे अशा दिवसशाळा मुळातच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, पण भावनिक-वर्तनविषयक अडचण असा शिक्षणासाठीचा वेगळा प्रकार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढायला आणि शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करायला मनाई केली. तरीही ‘दुसरीकडे बघा, दाखला घेऊन जा’ हे वाक्य पालकांना ऐकावे लागतेच. त्यामुळे वेगळी शाळा काढावी, अशी मागणी आपल्याकडे वाढत जाणार आणि तिच्यात तथ्यही आहे.

ती मागणी पुरी करताना रटलँडच्या पहिल्या वर्षांतून तीन गोष्टी घेता येतील. पहिली, मुलाचे नाव मूळ शाळेच्या पटावरून काढायचे नाही आणि रोजचा काही वेळ तरी त्याने तिथे काढायचा. दुसरी, त्या शाळेतल्या शिक्षिकेला भेटणे हे केंद्राच्या कर्मचाऱ्याच्या कामाच्या तासांत धरायचे, उपकार म्हणून नव्हे. तिसरी, पैसा केंद्राच्या पटसंख्येवर न देता मुलामागे द्यायचा, म्हणजे मूल परत गेले की त्याच्याबरोबर साहाय्यक शिक्षक आणि समुपदेशकाचा खर्चही त्या वर्गात पोचेल. जॉर्जियात पहिल्या दोन गोष्टी हळूहळू सुटल्या आणि तिसरी कधी झालीच नाही.

आपल्या संस्थांच्या वार्षिक अहवालात ‘लाभार्थी विद्यार्थी’ असा एक रकाना असतो आणि तो दरवर्षी वाढला की टाळ्या मिळतात. त्याच्या शेजारी आणखी तीन रकाने हवेत : या वर्षी किती मुले नेहमीच्या वर्गात परतली, किती दिवसांनी परतली आणि सहा महिन्यांनंतर किती तिथेच टिकून आहेत. पहिला आकडा लहान असेल तर दोष कुणाचा, हा प्रश्न नंतर विचारता येईल. आधी तो छापायला सुरुवात केली पाहिजे.